थोरलीची फांदी

२ फेब्रुवारी, रविवार

डायरी लिहिण्याचा मला शौक नाही. पण लिफ्ट इन्स्पेक्टरच्या नोकरीत इतकी वर्षं काढल्यावर एक सवय अंगात मुरते. बिघाड झाला की पहिल्या दिवसापासून टिपण ठेवायचं, म्हणजे पुढे चौकशीच्या वेळी कोणाला कानावर हात ठेवता येत नाहीत. आज आमच्या हॉलमध्ये बिघाड झाला आहे. लिफ्टचा नाही, थोरलीचा.

थोरली म्हणजे आमच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीतलं सगळ्यात मोठं कोरल, म्हणजे प्रवाळ. जांभळ्या फांद्यांचं. पाहुणे त्याला झाड म्हणतात आणि मी प्रत्येक पाहुण्याला सांगतो, की बाबा रे, हा प्राणी आहे. आत दगडासारखा पांढरा सांगाडा आणि वर कागदाहून पातळ जिवंत साल, त्या सालीत शेकडो चिमुकली तोंडं. माझी लेक बबडी कॉलेजात होती तेव्हा तिने करंगळीएवढा तुकडा दगडावर चिकटवला होता. आज थोरली मोठ्या परातीएवढी झाली आहे.

एप्रिलच्या शेवटी बबडीचं लग्न आहे. तिची आई दागिन्यांचं काढायला लागली तेव्हा पोरगी म्हणाली, "मला ते काही नको. बाबा, मला थोरलीची एक फांदी दे." तिच्या होणाऱ्या घरात टाकी कधीचीच तयार आहे. पाणी भरलंय, पंप चालू आहे, आत नुसते दगड. मला इतका आनंद झाला होता की मी दोन दिवस ऑफिसात उगाचच सगळ्यांशी गोड बोलत होतो.

आणि आज सकाळी बघतो तर थोरलीच्या बुंध्याला पांढरं कडं. साल सोलून निघाल्यासारखी. बोट लावलं तर आणखी एक चिंधी सुटून पाण्यात तरंगायला लागली. बबडीला अजून सांगितलेलं नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

पांढरा भाग वाढला. बबडीने स्वतःच पाहिलं. "बाबा, हे काय झालंय?" म्हणाली आणि काचेला नाक लावून बराच वेळ बसून राहिली. मी म्हणालो, "काळजी करू नकोस, प्रकरण माझ्या हातात आहे."

सुरुवात पद्धतशीर केली. पाण्याचा खारेपणा मोजला, ठीक. तापमान ठीक. क्षार ठीक. दिवे तेच, पंप तोच. एक फांदी भिंगाखाली धरून किडे शोधले, एकही नाही. माशांनी कुरतडल्याच्या खुणा नाहीत. आता उरतो तो माणूस. माझ्या खात्यातल्या नव्या पोरांना मी पहिल्या दिवशी हेच शिकवतो. लिफ्ट आपोआप बिघडत नसते, शोधत गेलं की शेवटी कोणाचा तरी हात सापडतो.

तेव्हा संध्याकाळी घरात फर्मान काढलं: माझा सोडून कोणाचाही हात टाकीत जाणार नाही. साबण लावलेला, क्रीम लावलेला, भांडी घासलेला, कसलाच नाही. बायको ड्रायव्हिंग स्कूल चालवते आणि स्टिअरिंगने हात रखरखीत होतात म्हणून दिवसभर क्रीम चोळत असते. माझा पहिला संशय तिच्यावरच आहे आणि ते मी तिला स्पष्ट सांगितलं.

"मी गेल्या सहा महिन्यांत टाकीला हात लावलेला नाही," ती म्हणाली. "तुम्ही लावू देता कुठे?"

"पण शेजारून जातेस ना?"

"उद्यापासून गच्चीवरून जाईन." मग वर म्हणाली, "गाडी काढण्याआधी काय बघायचं असतं? आरसा. तुम्ही एवढी वर्षं शेजारच्या सीटवर बसताय, एकदा तरी बघता का?"

माझ्या चौकशीचा आणि तिच्या आरशाचा काय संबंध ते मला कळलं नाही. तिला सगळीकडे शिकाऊच दिसतात.

९ फेब्रुवारी, रविवार

आज होणारे जावई येऊन गेले. ते दुसऱ्या शहरात राहतात, दर रविवारी सकाळच्या गाडीने येतात आणि संध्याकाळच्या गाडीने जातात. लोकांचे कान तपासायचे आणि त्यांना ऐकण्याची यंत्रं बसवून द्यायची, हा त्यांचा धंदा. मी मनातल्या मनात त्यांना कानसाहेब म्हणतो. माणूस वाईट नाही. पण बोलतो इतका बेताचा आणि ऐकतो इतका मन लावून, की समोरच्याला आपण फार बडबड करतोय असं वाटायला लागतं. मला तसं वाटलं की मी आणखी बोलतो.

एक गोष्ट मात्र त्यांच्या बाजूने नोंदवून ठेवतो. पहिल्यांदा घरी आले तेव्हा हात मिळवताना मी कळवळलो होतो; पाने-हातोड्या चालवून उजव्या मनगटाची वाट लागली आहे. पुढच्या खेपेला त्यांनी तांब्याचं कडं आणून दिलं. "माझ्या आईला फरक पडला, काका. तुम्हीही बघा घालून." माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. पण कडं घातल्यापासून मनगट खरंच हलकं वाटतं. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. अंघोळीलासुद्धा काढत नाही. मनगटावर हिरवा पट्टा उमटतो, तो घासला की जातो.

आज जेवताना मी त्यांना विचारलं, "म्हातारी माणसं यंत्र लावायला तयार होतात का?"

"सहज नाही होत," ते म्हणाले. "म्हणून 'तुम्हाला ऐकू येत नाही' असं मी कधीच म्हणत नाही. 'या खोलीत आवाज फार आहे, थोडी मदत घेऊन बघू या का?' असं म्हणतो. मग घेतात."

बबडी कौतुकाने बघत होती. मला विचाराल तर हा सरळ सरळ कचखाऊपणा आहे. ज्याचा दोष आहे त्याला तोंडावर सांगायला हवं. मी लिफ्टच्या मालकांना 'तुमच्या इमारतीत जिने फार छान आहेत' असं सांगत बसलो असतो, तर आज किती माणसं अडकून पडली असती.

जेवणानंतर रिवाजाप्रमाणे मी टाकीचं पाणी बदललं आणि त्यांना सगळं दाखवलं. बाही दंडापर्यंत सारून, हात आत घालून, एकेक दगड बोटाने दाखवत. हे शब्दांनी समजत नाही. ते तासभर उभे राहून ऐकत होते.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

वाईट दिवस. काचेवरचं शेवाळ खाणाऱ्या गोगलगायी एकामागून एक गळून वाळूत उताण्या पडल्या आहेत. सफाई करणारी कोळंबी, जी माझ्या बोटावर येऊन बसायची आणि नखं साफ करायची, ती सकाळी दगडामागे मेलेली सापडली. मासे मात्र ठणठणीत. नारिंगी जोडपं नेहमीसारखं भांडतंय.

मासेवाल्याला, म्हणजे आमच्या मत्स्यालयाच्या दुकानदाराला, फोन केला. सगळं ऐकून तो म्हणाला, "काका, टाकीत धातूबितू काही पडलंय का बघा. नाणं, स्क्रू, क्लिप असं काही?"

मी त्याला म्हणालो, "तुम्ही कोणाशी बोलताय?" पण चौकशी ती चौकशी. प्लॅस्टिकच्या पिशवीत लोहचुंबक गुंडाळला आणि अर्धी दुपार हात घालून सगळी वाळू चाळली. कोपरा न् कोपरा. चुंबकाला साधी टाचणी चिकटली नाही. टाकीत धातू नाही, हे मी स्वतःच्या हाताने सिद्ध केलं आहे.

१६ फेब्रुवारी, रविवार

थोरलीचा खालचा निम्मा भाग पांढराफटक. सकाळी तिला उचलून आयोडिनच्या पाण्यात बुडवली, परत जागेवर ठेवली, बुंधा दाबून बसवला. पाणीही जास्तीचं बदललं. यापेक्षा जास्त मी काय करू? सकाळ-संध्याकाळ माझा हात तिच्याजवळ आहे. लहानपणी बबडीला ताप यायचा तेव्हाही मी एवढी उठबस करत नव्हतो.

कानसाहेब आले होते. मी हात पाण्यात घालून त्यांना पांढरा भाग दाखवत होतो तेव्हा त्यांनी मध्येच विचारलं, "काका, मासे चांगले आहेत आणि गोगलगायी तेवढ्या मेल्या, असं का?" मी म्हणालो, "गोगलगायी नाजूक असतात." ते म्हणाले, "हं." आणि मग काचेकडे न बघता माझ्या हाताकडेच बघत राहिले. चेहरा एकदम उतरला त्यांचा. खाऱ्या पाण्याचा वास सगळ्यांना सोसतो असं नाही.

ते गेल्यावर बबडी म्हणाली, "बाबा, नसेल जमत तर राहू दे फांदीचं. मी काही रुसणार नाही." आणि हसली. ती असं हसते तेव्हा आतून रडत असते, हे तिला चालता येत नव्हतं तेव्हापासून मला माहीत आहे. मी बाथरूममध्ये नळ सोडून रडलो. बाहेर आलो तर बायकोने टॉवेल पुढे केला.

२२ फेब्रुवारी, शनिवार

सापडलं!

आज टिपणं शांतपणे वाचली आणि मला माझीच कीव आली, की हे आधी कसं दिसलं नाही. दर सोमवारी थोरलीची साल जास्त उतरलेली असते. आणि दर रविवारी कोण येतं? येतं ते नुसतं येत नाही, अंगावर फुसफुस स्प्रे मारून येतं. लिंबू आणि कसल्याशा लाकडाचा वास, जिन्यापासून कळतं. तेच तासभर टाकीच्या उघड्या पाण्यावर वाकून उभं राहतं. तो फवारा पाण्यात उतरणार नाही तर कुठे जाणार?

माणसाचा हात, मी म्हटलं होतंच. इथे माणसाची काख निघाली एवढाच फरक.

२३ फेब्रुवारी, रविवार

दोष तोंडावर सांगितला. हातात चहाचा कप देऊन सांगितला, म्हणजे उद्धटपणा नको. "तुम्ही जो स्प्रे मारता, त्याने माझी थोरली मरतेय."

बबडी ताडकन उठली. "बाबा!"

बायको म्हणाली, "अहो, काहीतरीच काय."

कानसाहेबांनी कप खाली ठेवला. माझी अपेक्षा होती की आता नाकाला मिरच्या झोंबणार. ते म्हणाले, "असेल, काका. माझ्यामुळेच झालं असेल. माझ्या लक्षात यायला हवं होतं. आजपासून मारत नाही."

इतक्या सरळपणे गुन्हा कबूल करणारा माणूस मी नोकरीत एकही बघितला नाही. मला जरा चुकल्यासारखंच वाटलं.

पण जाताना त्यांनी खरं रूप दाखवलं. दारात बूट घालता घालता म्हणाले, "काका, ते कडं जरा द्याल का? सैल झालंय तुम्हाला. मी कारागिराकडून नीट करून आणतो."

सैल? इतकं घट्ट बसलंय की निघता निघत नव्हतं. दिलेली वस्तू परत मागायची, तीही सासऱ्याकडून! मी साबण लावून काढलं आणि त्यांच्या हातावर ठेवलं. मी त्यांचा स्प्रे बंद केला, त्यांनी माझं कडं नेलं. ठीक आहे. निघताना त्यांनी खिशातून एक पांढऱ्या स्पंजसारखी चकती काढून दिली, "ही गाळणीत ठेवाल का? पाणी साफ करते म्हणे. दुकानात दोनांवर एक फुकट होती." फुकटची म्हणून मला.

बबडी माझ्याशी बोलत नाही.

२६ फेब्रुवारी, बुधवार

बबडी बोलत नाही. बायको बोलते, पण फक्त 'पुढे बघा', 'बाजूला व्हा' एवढंच. घरात मी शिकाऊ ड्रायव्हरसारखा वावरतोय. मनगट पुन्हा ठणकायला लागलं आहे.

चकती गाळणीत ठेवली. फुकटची असली तरी टाकीचा फायदा होत असेल तर माझा मान मध्ये यायचं कारण नाही.

४ मार्च, मंगळवार

चकती काढून बघितली. पांढरी होती, आता निळसर हिरवी झाली आहे! हा घ्या पुरावा. त्यांच्या स्प्रेच्या बाटलीला हिरवंच झाकण आहे, मी बबडीच्या पर्समधून डोकावताना पाहिलं होतं. बाटली आता तिच्या पर्समध्ये जप्त आहे वाटतं. मी चकती बायकोला दाखवली. तिने ती उजेडात धरली, माझ्याकडे बघितलं, पुन्हा चकतीकडे बघितलं.

"मग? आहे की नाही?" मी विचारलं.

"आहे खरं," ती म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली. आतून हसण्याचा आवाज आल्यासारखा वाटला, पण कुकरही लावलेला होता.

कानसाहेबांनी रविवारी तसल्याच आणखी दोन चकत्या आणल्या. पुन्हा फुकट. हे दुकान चालतं कसं कोण जाणे.

१५ मार्च, शनिवार

थांबलं! पांढरी रेघ जिथे होती तिथेच आहे. रोज सकाळी फूटपट्टी काचेला लावून बघतोय, एक केसभरही पुढे सरकलेली नाही. वरच्या फांद्यांवर सगळी तोंडं उघडलेली. नव्या गोगलगायी आणून सोडल्या, काचेवर ऐटीत फिरतायत.

बबडीला हाक मारून दाखवलं. ती इतक्या दिवसांनी माझ्या खांद्यावर हनुवटी ठेवून उभी राहिली. "आपली फांदी मिळणार, बाबा," म्हणाली. मी म्हणालो, "निदान अचूक असलं की इलाज सोपा असतो." तिने हनुवटी काढून घेतली, पण हसत.

आज ऑफिसात मी हे सगळं प्रकरण सविस्तर सांगितलं. जावयांच्या स्प्रेचा भाग जरा रंगवून. लोक खूप हसले.

३० मार्च, रविवार

गोंधळ झाला आहे. कानसाहेब आज त्यांच्या एका मित्राच्या लग्नातून थेट आले. तिथे दारातच कोणीतरी प्रत्येकावर सुगंधी फवारा मारत होतं म्हणे. त्यांना स्वतःला जाणवत नव्हतं, पण आमचा हॉल क्षणात भरून गेला. मी ओरडणार तोवर ते सवयीने टाकीवर वाकून नव्या गोगलगायी मोजत होते. बऱ्याच वेळाने त्यांच्या ध्यानात आलं आणि ते दचकून मागे सरले. "सॉरी काका, सॉरी!"

लग्न तोंडावर आलंय. मी गप्प राहिलो. उद्या सकाळी काय बघायला मिळेल याची मला भीती वाटते.

४ एप्रिल, शुक्रवार

काही झालं नाही. सोमवारी नाही, मंगळवारी नाही, आजही नाही. उलट पांढऱ्या रेघेच्या कडेने जांभळी साल किंचित खाली उतरायला लागली आहे. थोरली बरी होतेय.

मला आनंद व्हायला हवा आणि तो झालाच आहे. पण डोक्यातला इन्स्पेक्टर गप्प बसत नाही. स्प्रे कारण असता तर त्या दिवसाच्या फवाऱ्यानंतर थोरली शिल्लक राहायला नको होती. मग त्या फेब्रुवारीतल्या रविवारनंतर थांबलं ते कशामुळे? मी नव्या पोरांना शिकवतो, की एका दिवसात दोन गोष्टी बदलू नका, कारण मग कोणत्या गोष्टीने फरक पडला ते कळत नाही. त्या दिवशी स्प्रे बंद झाला. आणखी काय बदललं होतं? टिपणं पुन्हा चाळली. पाणी तेच, दिवे तेच. माझ्या लक्षात काही येत नाही.

९ एप्रिल, बुधवार

आज एका जुन्या इमारतीत तपासणी होती. लिफ्टच्या खड्ड्यात उतरलो. तिथे पाणी झिरपतं. भिंतीवरून अर्थिंगची तांब्याची पट्टी खाली येते, ती ओलाव्याने निळसर हिरवी पडली होती. सवयीने पट्टीवर अंगठा घासला. अंगठ्यावर तोच रंग आला. चकतीचा रंग.

मी तसाच बराच वेळ खड्ड्यात उभा राहिलो. वरून मेकॅनिकने दोनदा विचारलं, "साहेब, काही सापडलं का?"

मनगटाकडे बघितलं. हिरवा पट्टा केव्हाच गेला आहे. कडं काढलं ते त्या रविवारी.

वाळू चाळताना ते माझ्या हातात होतं. आयोडिनच्या पाण्यात होतं. थोरलीचा बुंधा दाबून बसवताना तिला घासत होतं. खारं पाणी, तांबं आणि मी, रोज सकाळ-संध्याकाळ. मासे तांबं थोडंफार सोसतात, गोगलगायी सोसत नाहीत. हे मला माहीत नव्हतं असंही नाही. टाकी घेतली तेव्हा मी पुस्तकात अधोरेखित केलं होतं.

आणि तो पोरगा! त्याला हे सोळा तारखेलाच कळलं होतं, माझ्या हाताकडे बघत होता तेव्हा. कडं त्यानेच दिलेलं. आठवडाभर कसा तळमळला असेल. आणि पुढच्या रविवारी मी त्याच्या हातात चहा देऊन त्याच्या काखेला जबाबदार धरलं. 'माझ्यामुळेच झालं असेल,' म्हणाला. मला वाटलं स्प्रेचं बोलतोय. दोनांवर एक फुकट! पाण्यातलं तांबं शोषणाऱ्या त्या चकत्या काय भावाने मिळतात ते मासेवाल्याकडून आजच कळलं.

ऑफिसात मी ती गोष्ट रंगवून सांगितली होती. आज परतल्यावर एकाने विचारलं, "साहेब, जावयांचा स्प्रे काय म्हणतोय?" मला फार लाज वाटली.

१० एप्रिल, गुरुवार

बायकोला विचारलं, "तुला माहीत होतं?"

"काय?"

"कड्याचं."

तिने हातातली भाजी बाजूला ठेवली. "त्या रविवारीच कळलं. तो तुमच्या मनगटाकडे बघत होता आणि तुम्ही त्याच्या शर्टाचा वास घेत होतात."

"मग बोलली का नाहीस?"

"शिकाऊ माणसाला चालत्या गाडीत ओरडलं की तो घाबरून ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबतो. आणि पोरगा इतक्या निगुतीने करत होता, म्हटलं करू द्यावं त्याला." मग म्हणाली, "आपली बबडी चांगल्या घरी पडतेय हो. मला तर त्या चकतीपासून झोप चांगली लागायला लागली."

"बबडीला माहितीये?"

"त्याने तिला सांगितलेलं नाही. बाबांना वाईट वाटेल म्हणून. मीच विचारलं त्याला, मला सांगितलं."

मी त्याला फोन करून माफी मागायची ठरवली. फोन हातात घेतला, खाली ठेवला. माफी मागितली तर त्याने इतके दिवस जे जपलं ते मीच फोडल्यासारखं होईल. पण काहीच न बोलणंही मला जमणार नाही. आयुष्यभर दोष तोंडावर सांगत आलो, आता माझाच सांगायची वेळ आली तर शब्द सापडत नाहीत.

२८ एप्रिल, सोमवार

काल लग्न झालं. सगळं छान पार पडलं, फक्त बबडीची आई रडली नाही आणि मी रडलो, याचे फोटो निघाले आहेत. आज संध्याकाळच्या गाडीने दोघं त्यांच्या घरी गेली.

फांदी आज सकाळी कापली. थोरली पूर्वीपेक्षा निम्मी उरली आहे, पण वरचा सगळा भाग तजेलदार आहे आणि मेलेल्या बुंध्यावर कडेने नवी साल चढतेय. मी सगळ्यात सरळ, सगळ्यात जांभळी फांदी निवडली. कापलेली फांदी पाण्यातच दगडी चकतीवर चिकटवावी लागते. ते काम या घरात माझ्याशिवाय कोणी केलेलं नाही. मी जावयांना म्हणालो, "या, तुम्ही चिकटवा."

बबडी बघतच राहिली. "बाबा, टाकीत दुसऱ्याचा हात?"

"दुसऱ्याचा कुठे? घरातलाच आहे," मी म्हणालो.

ते पुढे आले, बाही सारायला लागले. मी त्यांच्याकडे न बघता विचारलं, "माझं कडं झालं का नीट?"

बाही अर्ध्यावर थांबली. "ते... कारागीर बाहेरगावी गेलाय, काका."

"असू दे, असू दे. घाई नाही. तेव्हा या खोलीत आवाज फार होता."

त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. हॉलमध्ये पंपाची गुरगुर सोडली तर कसलाच आवाज नव्हता. मागे बायकोने घसा खाकरला. मी म्हणालो, "मदत चांगली झाली. मी आभार मानले नव्हते."

त्यांचे कान लाल झाले. दुसऱ्यांचे कान बघण्यात आयुष्य चाललेल्या माणसाचे स्वतःचे कान इतके लाल होतात, हे मला नवीन होतं. "बाबा," ते म्हणाले. काका नाही, बाबा.

"काय चाललंय तुमचं दोघांचं?" बबडी म्हणाली.

"काही नाही," मी म्हणालो आणि त्याच्याकडे वळलो. "बाबा-बिबा नंतर. आधी घड्याळ काढ. आणि ती अंगठीपण."

त्याने दोन्ही काढून माझ्या हातावर ठेवली. नवी कोरी अंगठी, कालच बोटात गेलेली. मग कोपरापर्यंत हात धुऊन त्याने पाण्यात घातला. पहिल्यांदा फांदी वाकडी चिकटली. मी काही बोललो नाही. त्याचं काम होईपर्यंत अंगठी आणि घड्याळ मुठीत धरून मी शेजारी उभा राहिलो.